पत्रं वाचायची खोली

१

साडेनऊला टपालाचं पोतं यायचं. दहापर्यंत पाकिटं फोडायची, पत्रं हातानं सपाट करायची, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे आणि साडेदहाला वाचनाला बसायचं. संस्थेचं काम एवढंच. लोक देवाला पत्रं लिहीत आणि संस्था ती देवाला वाचून दाखवी.

ठिणगीला हे पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा ती खो खो हसली होती.

"म्हणजे देवाला वाचता येत नाही?"

हेडक्लार्क आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "येत असेल. पण आपण वाचतो."

त्यांच्या कपाळावर साधी आठीसुद्धा उमटली नाही. तिला राग आला तो त्याचाच.

कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण वडिलांनी लहानपणी गमतीनं ठिणगी म्हटलं आणि तेच चिकटलं. पदवी घेऊन वर्ष झालं तरी कुठं नोकरी लागेना, तेव्हा आईनं ओळखीपाळखीनं तिला इथं आणून बसवलं. "देवाचं काम आहे. जरा शांत होशील," आई म्हणाली. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला तिनं शांत व्हायला हवं होतं. ज्या गोष्टींवर ती चिडायची त्या बदलाव्यात, असं मात्र त्यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं.

वाचायची खोली बोळाच्या टोकाला होती. आत एक टेबल, एक खुर्ची आणि समोर कोरी पांढरी भिंत. खिडकी नाही, मूर्ती नाही, तसबीर नाही. नियम मोजकेच. पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत खणखणीत आवाजात वाचायचं. मधलं गाळायचं नाही. वाचून झालं की 'पोचलं' असा शिक्का मारायचा आणि पुढचं घ्यायचं. उत्तर पाठवायचं नाही. पत्त्यावर जायचं नाही. फोन तर अजिबात करायचा नाही.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी तिच्या लक्षात आलं की, आपला आवाज घुमत नाही.

खोली रिकामी, फरशी गुळगुळीत. खुर्ची ओढली तरी कानठळ्या बसत. शिंकलं तर शिंक चारी भिंतींना आपटून परत यायची. पण पत्र वाचायला घेतलं की शब्द तोंडातून निघायचा आणि संपायचा, जसं वाळूत ओतलेलं पेलाभर पाणी संपतं. इतके दिवस हे आपल्याला कळलं कसं नाही, याचं तिला नवल वाटलं.

२

ठिणगी शास्त्र शाखेची. घाबरण्याआधी तपासून बघायचं, हा तिचा बाणा.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून वर्तमानपत्र नेलं आणि जुन्या फ्रिजची जाहिरात मोठ्यानं वाचली. फ्रिज छान घुमला. मग तेराचा पाढा म्हटला. तोही घुमला. मग गठ्ठ्यातलं वरचं पत्र घेतलं. एका म्हाताऱ्यानं मुलाबद्दल लिहिलं होतं, दोन वर्षं फोन नाही म्हणून. पहिलं वाक्य वाचलं आणि ती थांबली. खोलीत काहीही उरलं नव्हतं. तिच्या आवाजाचं शेपूटसुद्धा नाही.

'दुःखाचं वाचताना आपण आवाज खाली आणत असू,' तिनं स्वतःला समजावलं. म्हणून तीच फ्रिजची जाहिरात तिनं रडक्या सुरात वाचली. घुमली. तिला हसू फुटलं, आणि ते हसूही घुमलं.

मग तिनं एक पत्र मनानंच रचलं. "देवा, माझी तीन गलबतं समुद्रात बुडाली, मला मार्ग दाखव." गलबतं घुमली. पुन्हा म्हाताऱ्याचं पत्र उचललं आणि या वेळी घशाच्या शिरा ताणून ओरडून वाचलं. काही नाही. स्वतःचेच ओठ कुणा दुसऱ्याचे असावेत तसे हलत होते.

खोटं परत येत होतं. खरं आत कुठंतरी जात होतं.

तिनं भिंत ठोकून पाहिली. भरीव होती. बाहेर जाऊन मागच्या बाजूनं पाहिली. तिथं पाण्याचा पंप होता, आणि एक मांजर उन्हात झोपलं होतं. गिलावा नवा असेल, बोळाच्या हवेचा काही परिणाम असेल, आपल्याच कानात मळ असेल. तिनं कारणं काढली आणि दुपारी डबा खाताना एकेक खोडूनही टाकली.

३

आणि मग तिला ती आभाराची पत्रं दिसायला लागली.

ती नेहमीच यायची. शंभरातली दहा-पंधरा. आजवर तिनं ती लक्ष देऊन वाचली नव्हती. देवाचे आभार, त्यात काय वाचायचं! पण आता तिनं कपाटातल्या नोंदवहीत नावं शोधून त्याच माणसांची आधीची पत्रं कोणत्या तारखेला वाचली, काय मजकूर होता, ते पाहायला सुरुवात केली.

एका बाईनं लिहिलं होतं की घराचं छत गळतं, पोराचा खोकला जात नाही, रात्ररात्र तो आवाज ऐकून जीव कासावीस होतो. महिन्यानं तिचंच दुसरं पत्र. "छत गळतंच आहे. पोरगा खोकतो, आता थुंकीतून लाल पडतं. पण ऐकू आलं तरी मला काही होत नाही. मी शांत झोपते. तुझे फार उपकार आहेत."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ते पत्र थेट आप्पांच्या टेबलावर आदळलं.

"हे वाचा. पोरगं रक्त थुंकतंय आणि ही बाई आभार मानतेय!"

आप्पांनी वाचलं. "बरं झालं. त्रास गेला तिचा."

"त्रास गेला? छत गळायचं थांबलं? खोकला थांबला?"

"तिनं ते कुठं मागितलं होतं? जीव कासावीस होतो, म्हणाली होती. आता होत नाही."

"आप्पा, जीव कासावीस झाला म्हणूनच आई पोराला उचलून डॉक्टरकडे पळते! तेवढंच काढून घेतलंत तर तिच्याकडे राहिलं काय?"

"तुझं वय आहे, ठिणगे. बोल, बोल," आप्पा प्रेमानं म्हणाले. "आम्हीही बोलायचो."

पलीकडे थोरल्या बाई शिक्के पुसत बसल्या होत्या. तीस वर्षं वाचन करणाऱ्या, संस्थेतल्या सगळ्यात जुन्या. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मी नव्यानं लागले तेव्हा तुझ्याहून कडक होते. एकदा माझंही पत्र घातलं गठ्ठ्यात. तेव्हापासून कशी हलकी झालेय बघ."

त्या उठून कपाटाकडे गेल्या. त्यांच्या डाव्या पावलामागं फरशीवर ओलसर तांबडे ठसे उमटत होते.

"बाई, तुमच्या पायातून रक्त येतंय!"

"हो का?" बाईंनी चप्पल उलटी करून पाहिली. तळव्याखालचा खिळा चांगला बोटभर वर आला होता. त्या तो बघत राहिल्या, मग चप्पल पुन्हा घातली. "असेल बाई. काही वाटत नाही मला."

फडकं आणून फरशी पुसली ती ठिणगीनंच. पुसता पुसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाचं. छत बांधता येतं, खोकल्याला औषध असतं, चप्पल शिवून मिळते. यातलं काहीच करायला लागू नये म्हणून ही खोली!

४

ती नोकरी सोडणार होती. पण त्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. सासर दोन तासांवर, नवरा कामानिमित्त परमुलखात, घरात सासूबाई आणि पहिलीतली छकुली. आंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं, असं ताईनं फोनवर सांगितलं. ते सांगतानाही तिचा आवाज इतका कापत होता की ठिणगीला दोनदा विचारावं लागलं.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"महिना! आणि आज सांगतेस? गाढव आहेस का तू?"

"ओरडू नको गं. आधीच मेलेय मी भीतीनं. जेवण जात नाही, झोप नाही."

"मग चल ना डॉक्टरकडे!"

"सासूबाई म्हणतात, असल्या गोष्टींत सुया खुपसल्या की वाढतं. त्या म्हणतात, तुमच्या संस्थेत पत्र टाक, मीही टाकलं होतं. तुझी बहीणच तिथं आहे."

"खबरदार!" ठिणगी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतून आईनं डोकावून पाहिलं. "पत्र-बित्र टाकलंस तर बघ. मी गुरुवारी अकराचा नंबर लावतेय मोठ्या दवाखान्यात. तू यायचंस. नाही आलीस तर तुझ्या दारात येऊन तुला फरपटत नेईन. सासूबाईंनाही सांग तसं."

पलीकडे ताई रडता रडता हसली. "येते बाई, येते. तू आहेस म्हणून. तू अशी ओरडलीस ना की मला निदान पाय तरी उचलता येतात."

आई दारात उभीच होती. "मोठ्या बहिणीशी बोलायची ही रीत? आणि एक पत्र लिहिल्यानं काय बिघडणार आहे?"

"तिची भीती बिघडेल, आई," ठिणगी म्हणाली. "ती भीतीच तिला दवाखान्यात नेणार आहे. ती मी कुणाला देणार नाही."

आईला काही कळलं नाही. ठिणगीला मात्र आता स्वच्छ कळलं होतं. गुरुवारपर्यंत ताईची भीती शाबूत ठेवायची. बस.

५

बुधवारी तिला उठायला वेळ झाला. ती पोचली तेव्हा गठ्ठे बांधून वाटून झाले होते. टेबलाखाली फोडलेल्या पाकिटांचा ढीग होता आणि त्यात सगळ्यात वर, निळ्या शाईत, ताईचं अक्षर. शाळेत ज्याला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळायचं ते गोल, सुबक अक्षर.

पाकीट रिकामं होतं.

"आप्पा, यातलं पत्र कुठाय?"

"थोरल्या बाईंच्या गठ्ठ्यात असेल. त्या आत बसल्यात."

ती बोळातून धावली. दारावर 'वाचन चालू आहे' अशी पाटी होती. तिनं दाराला कान लावला. बाई बोलत होत्या, आणि दाराच्या लाकडातून शब्द येत होते, खोलीत त्यांना जागा नसल्यासारखे.

"...हात लागला की अंगाला घाम फुटतो. आरशात बघवत नाही. देवा, मला मरणाची फार भीती वाटते. मला..."

तिनं धाडकन दार उघडलं.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. ओठ हलत होते. आत मात्र आवाज अजिबात नव्हता. आणि समोरची भिंत जागेवर नव्हती.

म्हणजे होती. पांढरी, कोरी, तीच. फक्त ती पुढे झुकली होती. कमी ऐकू येणारं माणूस कसं कमरेतून वाकतं, मान थोडी कलती करून, एकही शब्द सांडू नये म्हणून, तशी. टेबलाच्या कडेपर्यंत आली होती. बाईंच्या तोंडापासून वीतभरावर.

ठिणगीनं झडप घालून पत्र हिसकावलं. बाईंचे ओठ थांबले. भिंत हलली नाही. ती वाट बघत होती.

त्या क्षणी तिनं पळायला हवं होतं. पत्र हातात होतं, दार उघडं होतं. पण ती ठिणगी होती. गेल्या चार महिन्यांत वाचलेली सगळी माणसं तिच्या गळ्याशी आली, ते पोरगं, तो म्हातारा, बाईंचा पाय, आणि ती त्या पांढऱ्या रंगावर ओरडली.

"लाज वाटत नाही? माणसं मरतायत आणि नुसतं ऐकून घेतोस? ऐकतोस आणि त्यांच्या हातातलं एकच हत्यार काढून घेतोस? आम्ही ओरडायचं नाही, घाबरायचं नाही, भांडायचं नाही, मग करायचं काय आम्ही?"

ती आणखी बरंच बोलली. आईबद्दल, घरातल्या शांत माणसांबद्दल, लहानपणापासून साठलेलं सगळं. मनापासून बोलली. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मध्येच कधीतरी तिच्या ध्यानात आलं की, आपल्याला आपलं बोलणं ऐकू येत नाहीये.

तिनं तोंड मिटलं. डोळे चोळले. भिंत परत आपल्या जागेवर गेली होती.

"बोलून घेतलंस ना?" थोरल्या बाई मायेनं म्हणाल्या. "बरं वाटतं हो."

६

बोळातून बाहेर येऊन तिनं पत्र पाहिलं. शेवटच्या चार ओळी वाचायच्या राहिल्या होत्या. "मला काही झालं तर छकुलीला कोण बघेल? तिला वेणीसुद्धा घालता येत नाही. या काळजीनं मी अर्धी झालेय." त्याखाली सही.

ठिणगीनं घडी घालून ते पिशवीत ठेवलं. चार ओळी तिनं वाचवल्या होत्या. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. जिंकल्यावर व्हायला हवा तेवढा आनंद झाला नाही, पण दिवस धावपळीचा होता.

परतताना बस थांब्यावर न थांबता पुढं निघून गेली. लोकांनी शिव्या घातल्या. ती पुढच्या बसची वाट बघत उभी राहिली.

ताईला फोन लावला.

"सासूबाईंनी पत्र टाकायला लावलंच. पण अगं, गंमत बघ," ताई म्हणाली. तिच्या आवाजात आज कापरं नव्हतं. "सकाळी अकराच्या सुमारास एकदम मोकळं वाटलं. गाठ आहे, हाताला लागते. पण मरणाचं काही वाटेनासंच झालंय. उद्या राहू दे का?"

"छकुलीचं काय?"

ताईचा आवाज पुन्हा कापला. "तेवढं एकच राहिलंय बघ मनात. तिचं नाव काढलं की पोटात खड्डा पडतो."

"मग तिच्यासाठी ये."

"येते." ताई पुढं म्हणाली. "तू आज ओरडली नाहीस."

"दमलेय."

"बरं नाही का तुला?"

"छान आहे," ठिणगी म्हणाली, आणि खरंच तसंच होतं.

७

गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. ताईच्या हातात अठ्ठावीस नंबरची चिठ्ठी. समोरच्या दारातून माणसं आत जात, बाहेर येत. कुणी हसत बाहेर यायचं, कुणी भिंत धरून.

सत्तावीस नंबरची बाई भिंत धरून बाहेर आली आणि ताईचा चेहरा उतरला.

"ठिणगे, आत गेले आणि काही निघालंच तर? मग छकुलीला मी काय सांगू? न बघितलेलं बरं नाही का? चल ना, जाऊ परत."

ठिणगीनं तिच्याकडे पाहिलं. ताईनं काय करायला हवं, हे तिला ठाऊक होतं. पाढा पाठ असावा तसं ठाऊक होतं. आपण यावर काहीतरी म्हणायचो, हेही आठवत होतं.

"अठ्ठावीस!" दारातून नर्सनं हाक मारली.

"चिडत का नाहीस तू?" ताईनं तिचं मनगट धरलं. "एकदा ओरड ना माझ्यावर. गाढव म्हण. म्हटलंस की मी जाते बघ आत. माझे पायच उठत नाहीयेत गं."

ठिणगीनं प्रयत्न केला. छातीत जिथून ते निघायचं तिथं तिनं शोधलं. जागा नीटनेटकी होती, झाडून-पुसून ठेवल्यासारखी.

"तुला योग्य वाटेल ते कर, ताई," ती हसून म्हणाली. "होईल सगळं चांगलं."

ताईनं मनगट सोडलं. ती धाकटीचा चेहरा बघत राहिली. ते हसू तिनं सासूबाईंच्या तोंडावर रोज पाहिलं होतं.

"अठ्ठावीस, आहात का?"

ताई उठली. एक पाऊल मागं सरकली, मग आणखी एक, ठिणगीवरची नजर न काढता. आणि अचानक वळून, एखाद्या जनावरापासून पळावं तशी, त्या दारातून आत शिरली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

गेली. चांगलं झालं. नसती गेली तरी चाललं असतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस येरझारा घालत होता. बायको आत होती आणि दोन तास त्याला कुणी काही सांगत नव्हतं. त्यानं खिडकीवर मूठ आपटली. "माणसं आहोत आम्ही! कुणीतरी बोला ना!" खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली आणि घाईघाईनं आत कुणालातरी फोन लावला.

ठिणगीला त्याची दया आली. इतका त्रास करून घ्यायची काय गरज होती त्याला? ती सरकून त्याच्याजवळ गेली. पिशवीतून एक कोरा कागद आणि पेन काढलं.

"बसा दादा," ती मायेनं म्हणाली. "मनात जे जे आहे ना, ते यावर लिहा. काही गाळू नका. पत्ता मी सांगते."